प्रतिक्रियेला उत्तर: ग्लव्हमध्ये कुठला उजेड?

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, आणि खरं सांगतो आधी जरा झोंबली, म्हणून लगेच उत्तर टाकलं नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की इंग्रजीत जी-एलने सुरू होणारे शब्द उजेडाचे असतात, ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, ग्लिमर, ग्लेअर, एवढं लक्षात ठेवा म्हणजे पाठांतर वाचेल. त्यावर सर म्हणतात, मग ग्लव्हमध्ये कुठला उजेड? ग्लू चमकतो का? ग्लटन म्हणजे खादाड माणूस, तो काय दिवा आहे का? सोयीचे शब्द वेचायचे आणि नियम म्हणून खपवायचे, हा निव्वळ योगायोग आहे, हे अंकशास्त्रासारखंच झालं, ३५ वर्षं इंग्रजी शिकवलं पण असले शॉर्टकट कधी पोरांना दिले नाहीत.

दिवा वाचून हसलो, ते जाऊ दे. पण ‘असतात’ हे मी चुकीचं लिहिलं, ‘बरेच असतात’ म्हणायला हवं होतं. आणि हे मोजलेलं आहे. बेंजामिन बर्गन नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने २००४ साली लिहिलेल्या लेखात ब्राउन कॉर्पस (छापील अमेरिकन इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा साठा) घेऊन हिशोब मांडलाय, त्यात जी-एलवाल्या शब्दांपैकी साधारण ३९ टक्के उजेडाशी नाहीतर बघण्याशी संबंधित निघाले. म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत! उरलेल्यांत तुमचे ग्लव्ह, ग्लू, ग्लटन सगळे आले. ग्लू आणि ग्लटन लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेत, ग्लोबही मूळचा लॅटिनच, ग्लुकोज ‘गोड’ अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, यांचा त्या उजेडवाल्यांशी काही संबंध नाही, नुसतं तोंड सारखं.

पण सर, ३९ टक्के म्हणजे ‘निव्वळ योगायोग’ असं जे तुम्ही म्हणता ते मला पटत नाही. कुठलीही दोन अक्षरं उचला आणि बघा एवढे शब्द एकाच अर्थाभोवती जमतात का. त्याच बर्गनने लोकांना स्क्रीनवर एकामागून एक शब्द दाखवले, आणि ग्लिटरनंतर ग्लो लोकांनी जास्त पटकन ओळखला, नुसता अर्थ जवळचा असलेल्या किंवा नुसती अक्षरं सारखी असलेल्या जोड्यांपेक्षा. म्हणजे बोलणाऱ्याच्या डोक्यात ही गर्दी खरोखर एकत्र बसलेली असते, त्याला कुणी शिकवलं नसलं तरी.

आणि यातले थोडे खरोखर एका घरातले आहेत. जर्मॅनिक भाषांत चमकण्याचं एक जुनं मूळ आहे, ग्लो त्यातला, आणि गंमत म्हणजे ग्लॅडसुद्धा, जुन्या इंग्रजीत ग्लॅड म्हणजे चकचकीत, तेजस्वी असाही अर्थ होता. त्याच मुळाची लांबची भावकी म्हणजे इंग्रजीतले यलो आणि गोल्ड आणि आपल्याकडचे संस्कृत हरि, हिरण्य. हळद हरिद्रेवरून आली, म्हणजे तीही त्यातच. (हे कळल्यापासून मला फोडणी करताना उगाच विद्वान झाल्यासारखं वाटतं.)

पण मला जास्त आवडतात ते बाहेरून येऊन घुसलेले. एस-एनवाले नाकाचे शब्द घ्या: स्नोअर, स्नॉर्ट, स्निफ, स्नाउट, स्नॉट. यात स्नीझ हवाच, पण तो मुळात स्नीझ नव्हताच, चॉसर या चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवीच्या काळापर्यंत तो एफ-एनने सुरू व्हायचा, फ्नीझसारखा काहीतरी. एफ-एनने सुरू होणारे शब्द भाषेतून नाहीसे होत चालले होते, शिवाय त्या वेळच्या लिखाणात लांब एस (एस लिहायची जुनी उभट पद्धत) जवळजवळ एफसारखा दिसायचा म्हणून वाचण्यात गफलत झाली असंही सांगतात. काही असो, शिंक नाकवाल्यांच्या घोळक्यात जाऊन बसली आणि तिथेच राहिली. ग्लॅमरचं तर विचारूच नका, तो स्कॉटलंडमध्ये ग्रामरचा अपभ्रंश होऊन तयार झाला! व्याकरण म्हणजे विद्या, विद्या म्हणजे मंत्रतंत्र, म्हणून ग्लॅमर म्हणजे जादूटोणा. आता त्याचा अर्थ झगमगाट झाला तो जी-एलच्या शेजारामुळे असा माझा आपला अंदाज, त्यावर तुम्ही भांडू शकता.

बाकी हे खूळ माझं नाही. १६५३ साली जॉन वॉलिसने लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं त्यात अशा अक्षरजोड्यांच्या याद्या आहेत, डब्ल्यू-आर म्हणजे पिळणं-वळणं वगैरे, आणि हा वॉलिस म्हणजे गणितातलं अनंताचं चिन्ह रूढ करणारा तोच, त्यामुळे अंकशास्त्रवाला म्हणून त्याला तरी हाकलू नका. अशा अक्षरजोड्यांना ‘फोनेस्थीम’ हे नाव दिलं फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९३० मध्ये, आणि तो त्याआधी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता.

आपल्याकडेच बघा ना. पाणी खळखळ वाहतं, झुळझुळ वाहतं, रक्त भळाभळा, डोळे घळाघळा. आता मी म्हणालो की दुहेरी ‘ळ’ म्हणजे वाहणं, तर तुम्ही लगेच विचाराल तळमळीत कुठलं पाणी, मळमळीत काय वाहतं (यावर उत्तर आहे पण नको). बरोबर आहे, तरीपण उद्या कुणी ‘झळझळ वाहणारा ओढा’ असं लिहिलं तर कान अडखळत नाही, आणि ‘खटखट वाहणारा’ म्हटलं की अडखळतो. हा कान खोटा कसा म्हणायचा?

तुमचा मुद्दा घरातच सिद्ध झाला हेही सांगून टाकतो. माझी भाची नववीत आहे, तिने माझी पोस्ट वाचून युनिट टेस्टमध्ये ग्लीनचा अर्थ ‘चमकणे’ लिहिला आणि एक मार्क घालवला. ग्लीन म्हणजे कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचणं, आपल्याकडे सरवा वेचणं म्हणतात ना, ते. फोन करून तिने मला जे सुनावलं ते तुमच्या प्रतिक्रियेपेक्षा लांब होतं. म्हणजे अनोळखी शब्द समोर आला की जी-एल बघून अर्थ ठोकून द्यायचा नाही, अर्थ आधी डिक्शनरीत बघायचा आणि मग तो ह्या घोळक्यात बसतो का ते बघायचं. हे मी लिहायला पाहिजे होतं, नाही लिहिलं. आता मूळ पोस्टमध्ये ‘असतात’च्या जागी ‘बरेच असतात’ केलंय आणि खाली ग्लीन, ग्लव्ह आणि तुमचा तो खादाड, तिघांनाही जागा दिलीय.