चामखीळ, कॅन्सर आणि काजूचं तेल: एका फिरत्या मेसेजला उत्तर

काजूच्या भट्ट्या पेटल्या की आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर हा मेसेजही फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: चामखीळ ही कॅन्सरची पहिली पायरी. पुरावा काय, तर डॉक्टर चामखिळीला जे क्रीम देतात तेच त्वचेच्या कॅन्सरला देतात. चामखिळीतले काळे ठिपके म्हणजे तिची मुळं. सुई-सुरी लावली की ती अंगभर पसरते. म्हणून आपल्या पूर्वजांचा हजारो वर्षांचा उपाय करा, कच्च्या काजूबियांचं तेल लावा, सात दिवसांत मुळासकट गळेल. आणि शेवटी दिलासा: आपल्या सावळ्या कातडीला तसाही त्वचेचा कॅन्सर होत नाही.

पहिलं आणि शेवटचं वाक्य एकमेकांना खोटं पाडतात, हे पुढे ढकलणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मी गोव्यातल्या फोंड्यात औषधांच्या दुकानात बसतो. मोबाईल पुढे करून ‘ते क्रीम द्या’ म्हणणारी माणसं काउंटरवर येतात, म्हणून हे उत्तर.

क्रीमबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, आणि घोटाळा त्या अर्ध्यातच आहे. क्रीमचं नाव इमिक्विमॉड. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते १९९७ मध्ये जननेंद्रियांवरच्या चामखिळींसाठी मंजूर केलं आणि २००४ मध्ये बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या वरवरच्या प्रकारासाठी. दोन्हीकडे पाच टक्क्यांचंच क्रीम. पण ते विषाणूला थेट मारत नाही. त्वचेतल्या प्रतिकारक पेशींवर टीएलआर-७ नावाचा ग्राही, म्हणजे धोका ओळखणारा प्रथिनाचा रेणू, असतो, त्याला ते चेतवतं. मग पेशी इंटरफेरॉन ही धोक्याचा इशारा देणारी प्रथिनं सोडतात आणि शरीर स्वतःच त्या जागेवर तुटून पडतं. भाटात, म्हणजे बागायतीत, चोर शिरो की रानडुक्कर, गाव जागवायला थाळी तीच बडवतात. म्हणून काही डुकराचा मोठेपणी चोर होत नाही.

शिवाय वापरही वेगळा. चामखिळीला आठवड्यातून तीनदा, फार तर १६ आठवडे. त्या कॅन्सरला आठवड्यातून पाचदा, ६ आठवडे. तेही बायोप्सीने, म्हणजे तुकडा काढून तपासून, निदान पक्कं झाल्यावर, गाठ २ सेंटिमीटरच्या आत असेल आणि चेहऱ्यावर नसेल तर. हाताच्या बोटावरच्या साध्या चामखिळीसाठी ते मंजूरच नाही, तिथल्या जाड कातडीतून ते नीट उतरत नाही. तिथे आधी येतं सॅलिसिलिक अॅसिड: जुनं, स्वस्त, आणि रोज लावायचा कंटाळा नसेल तर गुणाचं. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजनही दोन्ही आजारांत वापरतात. चामखिळीला काही सेकंद पुरतात, कॅन्सरला जास्त वेळ आणि जास्त खोल गोठवावं लागतं. मेसेजवाल्याला हे कळलं असतं तर त्याने बर्फालाही गुन्हेगार ठरवलं असतं.

आता ‘पहिली पायरी’. चामखीळ होते ती एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूमुळे. त्याचे २०० हून अधिक प्रकार आहेत. हातापायांवर बहुतेक वेळा १, २, ४, २७ आणि ५७ हे क्रमांक सापडतात, जननेंद्रियांवर ६ आणि ११. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला मुख्यतः कारण ठरतात ते १६ आणि १८. ते दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. आडनाव एक असलं तरी ही घरं वेगळी. मुलांच्या चामखिळींपैकी सुमारे दोन तृतीयांश तर दोन वर्षांत आपोआप जातात. कॅन्सरची पायरी अशी आपोआप गेली असती तर काय हवं होतं!

अपवाद आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. एपिडर्मोडिस्प्लेझिया व्हेरुसिफॉर्मिस या दुर्मिळ आनुवंशिक आजारात चामखिळींचा कॅन्सर होऊ शकतो. किडनी बदललेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या माणसालाही धोका जास्त. मोठ्या माणसाच्या नखाखाली किंवा नखालगत वर्षानुवर्षे न हटणारी ‘चामखीळ’ असेल तर तीही तपासून घ्यावी.

काळे ठिपके म्हणजे मुळं नव्हेत, गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या. विषाणू कातडीच्या वरच्या थरातच राहतो, त्याला मुळं नसतात.

सावळ्या कातडीला संरक्षण असतं हे खरं, मेलॅनिन या त्वचेतल्या रंगद्रव्यामुळे उन्हाचे कॅन्सर आपल्यात कमी होतात. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि सगळे कॅन्सर उन्हाने होत नाहीत. साडीची गाठ कमरेवर वर्षानुवर्षे एकाच जागी घासून होणारा कॅन्सर भारतीय डॉक्टरांनीच नोंदवला आहे. मेलानोमा हा सगळ्यात घातक प्रकार गडद त्वचेच्या माणसांत बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो, जिथे ऊन फारसं लागतच नाही. हणजुण्याच्या बाजारात ज्याच्या चेहऱ्याचे टी-शर्ट टांगलेले असतात त्या जमैकाच्या गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्यावरच तो होता. आधी फुटबॉलची दुखापत वाटली. १९८१ मध्ये तो ३६ व्या वर्षी गेला. फुटबॉलचं वेड असलेल्या गोव्यात ही गोष्ट माहीत असायला हवी.

आणि इथेच काजूचं तेल खरं धोक्याचं होतं. ‘हजारो वर्षांचा उपाय’ हे सोडून देऊ. काजूच मुळी पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. त्याच्या टरफलातल्या तेलात अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, दोघांचंही तेल कातडी भाजतं. बिया फोडणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख उगाच चोळत नाहीत. चामखीळ त्याने कधी गळतेही, मी नाकारत नाही. पण सॅलिसिलिक अॅसिडच्या बाटलीवर टक्केवारी छापलेली असते. टरफलातून किती तेल सुटलं आणि ते किती खोल गेलं हे कोण सांगणार? भाजल्याचा काळा डाग महिनोनमहिने राहतो. काहींना त्याची अॅलर्जी बसते आणि पुढच्या वेळी नुसत्या स्पर्शाने पुरळ उठतं. मधुमेह्याच्या बधिर तळव्यावर तर ते लावूच नये. भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते.

हे सगळं ती चामखीळच असेल तर. नसेल तर? तळपायावरचा रंगहीन, गुलाबीसर मेलानोमा कधीकधी डॉक्टरांनाही चामखिळीसारखा दिसतो. तेल वरचा भाग जाळतं, खपली पडते, माणूस समाधानाने ग्रुपवर अंगठा टाकतो आणि खाली गाठ वाढत राहते. मेलानोमात सगळा हिशोब तो कातडीत किती मिलिमीटर खोल गेला याचा असतो. एक मिलिमीटरच्या आत असताना काढला तर बहुधा तेवढ्यावर भागतं. चार मिलिमीटरच्या पुढे गेलेल्याचं तसं नसतं. मेसेज चामखिळीला कॅन्सर म्हणून घाबरवतो आणि कॅन्सरला चामखीळ म्हणून जाळायला सांगतो.

राहिली सुई. चामखीळ ब्लेडने खरवडली किंवा तिच्यावरून दाढी केली तर विषाणू आजूबाजूला पसरतो, एवढं खरं. त्वचेच्या कॅन्सरची बायोप्सी केल्याने तो पसरत नाही. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका घालतात, माणूस त्याच दिवशी घरी जातो. ज्यांनी तेल आधीच लावलं आहे त्यांनी जागा साबणाने धुवावी, फोड फोडू नये, आणि गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचारोग विभागात किंवा आपल्या डॉक्टरकडे जाताना काय लावलं, कधी लावलं ते न लाजता सांगावं. भाजलेल्या कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा दिसतो, आणि तो बघणाऱ्याला हे आधी माहीत असावं लागतं.