दुसरं दार आहे का?

नमस्कार.

धार्मिक संस्थांच्या सेवाकार्याची बाजू घेणाऱ्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर आणि कडक प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून स्वतंत्र लिहिते आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: या संस्थांची सेवा म्हणजे गळाला लावलेलं आमिष. आयर्लंडमधल्या मॅग्डलीन लॉन्ड्र्यांत, म्हणजे मुलींना आणि बायकांना ठेवून घेऊन कपडे धुवायला लावणाऱ्या, कॅथलिक नन्सनी चालवलेल्या आश्रमांत, काय झालं हे जगानं पाहिलंय. निराधारांना सांभाळणं सरकारचं काम आहे, ते देवाच्या नावानं चालणाऱ्यांच्या हाती देऊच नये. आणि माझ्या वडिलांची शेवटच्या दिवसांत चांगली काळजी घेतली गेली, म्हणून मी हळवी होऊन लिहिलं. तुमच्या ओळखीतल्या एका बाईंचंही तुम्ही लिहिलंत: नवऱ्यानं घराबाहेर काढलं, दोन मुलांना घेऊन एका आश्रयगृहात गेल्या, तिथं दर आठवड्याच्या उपासनेला बसलं तरच राहता येईल असं सांगण्यात आलं.

आधी हळवेपणाचं. हो, आहे मी हळवी. बाबांना गिळता येत नव्हतं तेव्हा त्या शुश्रूषागृहातली एक सिस्टर रोज पहाटे कापसाचा बोळा भिजवून त्यांचे ओठ ओले करायची. पण लेख मी त्यामुळे लिहिला नव्हता. बाबा पक्के नास्तिक. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं, माझ्यासाठी प्रार्थना करू नका. तिनं मान हलवली, खाटेच्या डोक्याशी लावलेला क्रूस काढला आणि कपाटात ठेवला. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही, आणि काळजीत तसूभर फरक नाही. तो क्रूस उतरवतानाचा तिचा हात मला आठवतो.

आता आयर्लंड. इथं मी तुमच्याशी वाद घालणार नाही. 1922 नंतर सुमारे 10,000 मुली आणि बायका त्या लॉन्ड्र्यांमध्ये गेल्या. बिनपगारी कपडे धुतले, अनेकींची नावंसुद्धा बदलली गेली. शेवटची लॉन्ड्री बंद झाली ती थेट 1996 साली. पण 2013 चा सरकारी अहवाल आणखी एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या प्रतिक्रियेत नाही. तिथं गेलेल्यांपैकी ज्यांच्या येण्याची वाट नोंदलेली आहे, त्यांतल्या चौथ्या हिश्शाहून जास्त जणींना सरकारी यंत्रणेनं पाठवलं होतं. सरकारी खात्यांचे कपडे तिथं धुतले जात. पळून गेलेल्या मुलींना पोलिसांनी परत आणून सोडल्याची उदाहरणं आहेत. त्याच वर्षी पंतप्रधान एन्डा केनी यांनी संसदेत माफी मागितली, ती सरकारच्या वतीनं. कॅनडातल्या निवासी शाळांचं तसंच. दीड लाखाहून जास्त आदिवासी मुलं आईबापांपासून तोडली गेली. शाळा चालवल्या बव्हंशी चर्चनी, पैसा आणि सक्ती सरकारची. म्हणजे धर्माला बाजूला सारून सगळं सरकारकडे दिलं असतं तर या मुली, ही मुलं वाचली असती, असं म्हणता येत नाही. त्यांच्यापुढे बाहेर पडायची वाट नव्हती आणि आत डोकावणारं कुणी नव्हतं. माझ्या मते अत्याचाराचं मूळ तिथं आहे.

‘सरकारचं काम’ या मुद्द्यावर मात्र थोडं थांबते, कारण तो मलाही पटतो, फक्त अर्धा. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीनं 1536 ते 1540 या काळात मठ मोडीत काढले. त्यांच्या आधारानं चालणारी रुग्णालयं, अनाथांचे आसरे, दारावर मिळणारं अन्न, सगळं त्याबरोबर गेलं किंवा डळमळलं. लंडनचं सेंट बार्थोलोम्यू रुग्णालय 1123 पासूनचं. त्याचं उत्पन्नच तुटलं, आणि शहरानं राजाकडे धरणं धरल्यासारखा पाठपुरावा केला तेव्हा कुठे 1546 मध्ये ते शहराच्या ताब्यात देऊन वाचवलं गेलं. गरिबांच्या पोषणाचा पक्का कायदा यायला 1601 उजाडलं, आणि तोही राबवायला पॅरिशच, म्हणजे चर्चचा स्थानिक विभागच, लागली. मठांमध्ये ऐतखाऊ नव्हते असं मी म्हणत नाही. पण जुनं घर पाडायचं तर नवं आधी उभं हवं. मधल्या साठ वर्षांतल्या आजाऱ्यानं जायचं कुठे?

काही कामं अशी असतात की तिथं सरकारचा शिक्का पुरतच नाही. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला. मृतदेह धुण्यातून, त्याला स्पर्श करण्यातून संसर्ग होत होता, म्हणून पथकं पांढऱ्या पोशाखात येत, देह पिशवीत घालून नेत. लोक देह लपवू लागले. आपल्या माणसाला विधीशिवाय मातीत ढकलणं कुणाला सोसेल? त्या नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं चर्च आणि मुस्लिम संस्थांना बरोबर घेऊन दफनाची नवी पद्धत ठरवली. पाण्याचा स्पर्श न करता प्रतीकात्मक शुद्धी, पांढरं कफन, प्रार्थनेला जागा, कुटुंबाला सुरक्षित अंतरावरून निरोप घेण्याची मुभा. ‘असं चालेल, यात अधर्म नाही’ हे आरोग्य अधिकाऱ्यानं कितीही सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. ते इमामानं आणि पाद्र्यानं सांगावं लागलं.

आमिषाचा मुद्दा तुमचा सगळ्यात जोरकस आहे. त्याला माझ्याकडे अनुभवाचं उत्तर आहे, आणि ते तुमच्या बाजूचं आहे. काही वर्षांपूर्वी मी रात्रनिवाऱ्यात वाढायला जायचे. संस्था माझ्याच धर्माची, नाव लिहीत नाही. प्रार्थना संपेपर्यंत ताटं पालथी ठेवायची असा तिथला नियम. एका संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ समोरच्या पालथ्या ताटाकडे बघत बसले, मग काठी उचलून उपाशीच निघून गेले. बाहेर थंडी होती. मी हातात पळी धरून उभी राहिले आणि काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले, तेव्हा उत्तर आलं, ‘पाच मिनिटं देवाचं नाव घेतलं तर काय बिघडतं?’ बिघडतं. भुकेल्या माणसाचा होकार हा होकार नसतो. मी तिथं जाणं सोडलं.

म्हणून संस्था कुठल्या धर्माची, हे मी आधी विचारत नाही. नको म्हणणाऱ्याला तेच ताट, तीच खाट मिळते का, आणि तिथं पटलं नाही तर दुसरं दार उघडं आहे का, हे विचारते. हे स्वप्नाळू बोलणं नाही. अमेरिकेच्या 1996 च्या कायद्यानं धार्मिक संस्थांना सरकारी पैशातून मदतकार्य करू दिलं, पण मदत घेणाऱ्याला त्या संस्थेचं धार्मिक स्वरूप नको असेल तर तितक्याच तोलाची दुसरी सोय करून देणं राज्यावर बंधनकारक केलं. जर्मनीत कारितास आणि डियाकोनी या चर्चच्या संस्था प्रचंड मोठं काम करतात, बराचसा खर्च सामाजिक विम्यातून आणि सरकारी पैशातून भागतो, आणि कायदा मदत घेणाऱ्याची इच्छा आणि निवड मानतो. अंमल सगळीकडे चोख असतो असा माझा दावा नाही. पण सरकारचं खरं काम मला इथं दिसतं: दुसरं दार उघडं ठेवणं, न सांगता तपासणीला जाणं, तक्रार करणाऱ्याचं छप्पर जाणार नाही याची हमी देणं. तपासणीला ज्या संस्था आढेवेढे घेतात त्यांना माझा पाठिंबा नाही, मग त्या माझ्या धर्माच्या का असेनात. हे मूळ लेखात मी ठासून लिहायला हवं होतं. ती उणीव तुम्ही दाखवलीत आणि ती मी मान्य करते.

तुमच्या ओळखीतल्या त्या बाईंवर जी अट घातली गेली, ती माझ्या मते चूकच आहे. त्या संस्थेला सरकारी अनुदान असेल तर अनुदान देणाऱ्या खात्याकडे लेखी तक्रार करायला हवी. पण त्यांच्या आणि मुलांच्या राहण्याची दुसरी सोय झाल्यावर, आधी नाही. प्रतिक्रियेत तुम्ही त्यांची गोष्ट त्या अटीपाशी थांबवलीत. पुढे काय झालं? त्या तिथंच राहिल्या की निघाल्या? मुलांची शाळा चालू आहे का? जमलं तर कळवा. तक्रारीचा मसुदा करायला माझी मदत होणार असेल तर मी नक्की करेन.