चॅनेल ‘खातो’ तो एलएनबी नव्हे

सातारा-सांगलीकडे एक मेसेज फिरतोय: ‘डिशचा एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरची, सिग्नल पकडणारी डबी) १२ गिगाहर्ट्झचा सिग्नल १-२ गिगाहर्ट्झवर उतरवतो, त्यात ताकद जाते, म्हणून पावसात चॅनेल जातात. ०.१ डीबीचा एलएनबी घ्या, टीव्हीमागे बूस्टर लावा.’ यावर पैसे घालवू नका.

वारंवारता उतरली म्हणून ताकद उतरत नाही. एलएनबी आलेल्या लहरीत स्वतःची लहर मिसळतो आणि दोन्हींमधला फरक केबलमध्ये सोडतो. फ्री डिशचं ११०९० मेगाहर्ट्झ घ्या. त्यातून एलएनबीच्या लहरीचे ९७५० वजा जाता १३४० उरतात, आत भरलेली माहिती तीच. वर सिग्नल ५०-६० डीबीने वाढवलेला असतो (डीबी हे वाढ-घट मोजायचं माप; १० डीबी म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट). उतरवलाच नसता तर? डिशची नेहमीची आरजी-६ केबल १ गिगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण २० डीबी खाते, ११ गिगाहर्ट्झला तिपटीहून जास्त. गच्चीपासून हॉलपर्यंतच्या ३० मीटरमध्ये शंभरावा हिस्साही पोचला नसता.

चॅनेल खरोखर गायब होतात ते सेटिंग चुकलं की. युनिव्हर्सल एलएनबी (९७५० आणि १०६०० अशा दोन लहरींचा) असताना बॉक्सला नुसतं १०६०० दिलं, तर तो ११०९० साठी ४९० मेगाहर्ट्झवर शोधतो; बॉक्समधला चॅनेल पकडणारा ट्यूनर तर ९५० पासून सुरू होतो. तिथे ९७५०/१०६०० हवं.

एलएनबीच्या लेबलवरचा डीबीचा आकडा म्हणजे तो स्वतः किती खरखर घालतो ते; ०.१ आणि ०.३ मधला फरक फार तर अर्ध्या-पाऊण डीबीचा. ६० सेंटीमीटरची डिश १ अंश चुकली, तर त्याहून जास्त जातं. साताऱ्यातून फ्री डिशच्या जीसॅट-१५ उपग्रहासाठी दिशा उत्तरेपासून सुमारे १३० अंश, म्हणजे आग्नेयेकडे, आणि उंची ६० अंशांच्या आसपास. ऑफसेट डिश (जिचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो ती) दिसायला जास्त उभी असते, म्हणून नजरेवर न जाता मागची अंशांची पट्टी बघा. मग क्लॅम्प सैल करून एलएनबी थोडा थोडा फिरवा, टीव्हीवर दिसणारी सिग्नलची क्वालिटी सर्वात जास्त येईल तिथे आवळा.

पाटण, शिराळ्याच्या पावसात थेंब लहरी हवेतच शोषून घेतात. टीव्हीमागचा बूस्टर उरलेल्या सिग्नलबरोबर खरखरही तेवढीच वाढवतो, वर कोरड्या दिवशी ट्यूनर गुदमरतो. ६० ऐवजी ९० सेंटीमीटरची डिश मात्र साडेतीन डीबी जास्त देते.

आणि आधी एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा, फिरवून बसवायचा जोड) उघडा. तार काळी-हिरवी दिसली, तर पाणी शिरलंय: १५ सेंटीमीटर केबल छाटा, नवा कनेक्टर लावा, रबरी टोपी चढवा, एलएनबीखाली केबलला खाली झुकलेला वळसा ठेवा. याच तारेतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात; १३ ला तो उभ्या लहरी घेतो, १८ ला आडव्या (यालाच पोलरायझेशन म्हणतात). गंजामुळे १८ व्होल्ट १५ च्या खाली गेले, की आडव्या पोलरायझेशनचे चॅनेल एकदम जातात, उभे चालू राहतात. आणि दोष येतो एलएनबीवर.