शेंगा त्यांच्या, टरफलं आपली

शेंगा सिक्युरिटीवाल्या काकांनी खाल्ल्या आणि टरफलं मी उचलली. गेल्या रविवारी, नांदेडात, मल्टिप्लेक्सच्या चकचकीत फरशीवर वाकून, भाच्याच्या देखत. कंबर ठीक आहे. बाकीचं ठीक नाही.

तिकिटं भाच्यानं काढली होती. सिनेमा कोणता ते सांगत नाही, कारण त्यातलं मला जे कळलं ते भाच्याच्या मते चुकीचं कळलं. शेंगा बहिणीनं, म्हणजे त्याच्याच आईनं, गंगाखेडहून निघताना भाजून खिशात कोंबल्या होत्या. दारावर साठी ओलांडलेले एक काका ढगळ निळ्या गणवेशात उभे होते. त्यांचं यंत्र माझ्या खिशावरून फिरलं आणि गप्प राहिलं. शेंगदाण्यात लोह असतं म्हणे, पण ते डॉक्टरांपुरतं. मग काकांनी हातानं चाचपलं.

"काय हाय ह्याच्यात?"

"शेंगा."

"आत चालत न्हाईत."

आता हा कायदा मला ठाऊक आहे. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की थेटर ही खासगी जागा, बाहेरचं खाणं आत येऊ द्यायचं की नाही ते मालक ठरवील; फक्त पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागेल. त्या सुनावणीत कुणी जिलेबी आणली आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली तर, असा प्रश्न न्यायमूर्तींनी काढला होता. तंदुरी चिकनच्या हाडांचीही काळजी व्यक्त झाली. शेंगांचं नाव माझ्या तरी वाचनात आलं नाही. पण शेंगांच्या बाजूनं बोलायला दिल्लीला जातंय कोण? आत पॉपकॉर्नचा डबा तिकिटापेक्षा महाग, आणि मक्याची लाही खुर्चीखाली सांडली तर मात्र ती स्वच्छता!

चिडून मी म्हणालो, "काका, आधी थेटरात शेंगा चालायच्या, म्हणून सिनेमेही चालायचे."

काकांनी यंत्र खाली ठेवलं, स्टूल ओढलं आणि विचारलं, "कोन्ता पिच्चर म्हनायलात तुमी?"

मागं रांग होती. पण मी चाळीस वर्षं सिनेमे बघतोय आणि माझा भाचा 'जुना सिनेमा' म्हणजे २००९ चा 'थ्री इडियट्स' समजतो. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी सुरू केलं. म्हणालो, एकट्या १९७५ सालाचं बघा. 'दीवार', 'शोले', 'आंधी', 'चुपके चुपके', सगळे एका वर्षात. आता वर्षभरात असे चार दाखवा.

"'शोले' व्हय," काका म्हणाले आणि माझी पुडी सोडून एक शेंग फोडली. "त्यो म्या पाह्यला न्हाई. वाह्यला."

"म्हणजे?"

म्हणजे असं, की काका पोरवयात एका टॉकीजच्या सायकल स्टँडवर होते. गावात टॉकीजी दोन आणि प्रिंट एक. एकीकडं शो आधी सुरू करायचा, रीळ संपलं की डब्यात घालून सायकलवर दुसरीकडं पळवायचं. हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटं चालतं, तेवढ्यात पोचलं पाहिजे. "गब्बर मह्या क्यारिअरवर व्हता," काका म्हणाले. "पंक्चर झालं त्या दिशी लोकाईनं मधला पिच्चर न बघताच शेवट बघितला. कोनाला काई कमी वाटलं न्हाई."

दुसरी शेंग.

"मग तुम्ही आत बसून कधीच...?"

"स्टँड कोन बघनार, तुमी?"

तर या गृहस्थानं आयुष्यात एकही सिनेमा आत बसून पाहिलेला नाही. भिंतीपलीकडून ऐकलेत सगळे. आणि तरी, किंवा कदाचित म्हणूनच, सिनेमाबद्दलची त्यांची मतं माझ्यापेक्षा पक्की निघाली. काका सिनेमा जोखायचे तो शो सुटल्यावर, लोक सायकली कशा नेतात त्यावरून.

"चांगला पिच्चर सुटला की मानूस दुसऱ्याचीच सायकल नेतू," काका म्हणाले. "ध्यान ठिकानावर नसतं. एखाद्या रडत्या बाईचा पिच्चर ऱ्हायला तर बिल्ला आपला, कुलूप आपलं, अन् चाबी लोकाच्या सायकलीला लावत बसायचे. रडून आलेला मानूस सुटे मागत न्हाई. आठ आने दिले तं आठ आने. हसून आलेला मानूस मात्र हिशेब करतू."

"आणि 'दीवार'?"

काकांनी हात झटकले. "भाऊ भाऊ डबलसीट आलते. जाताना एक सायकलीवर, एक पायी."

मागून कुणीतरी "अहो, शो सुरू झाला" असं म्हणालं. भाचा म्हणाला, "मामा, ट्रेलर चालू आहेत फक्त, होऊ द्या तुमचं." हा मुलगा मला पुरता ओळखून आहे.

"दादा कोंडक्यांचे?" मी विचारलं.

"त्याला बाया तोंडावर पदर घेऊन भाहेर येयच्या, अन् गडी येयचेच न्हाईत. पुढच्या शोचं तिकीट काढून तितंच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लई कमाई 'जय संतोषी माँ'ला झाली. बैलगाड्या आल्या. अन् लोकं चपला भाहेर काढून आत जायला लागली. मालक म्हनला, सायकल ऱ्हाऊ दे, चपलाचं स्टँड लाव."

तोही १९७५ चाच. लोकांनी पडद्यावर नाणी उधळली, फुलं वाहिली, हे खरंच घडलं होतं. 'शोले'च्या वर्षी 'शोले'च्या बरोबरीनं पळालेला हा सिनेमा माझ्या यादीतून सोयीस्करपणे गळला होता. गळणारच. जुन्या सिनेमांची यादी करताना आपण पाखडतो, नव्यांची करताना पोतं तसंच ओततो. त्याच वर्षी आलेल्या बाकीच्या ढीगभर सिनेमांची नावं आज कुणी घेत नाही आणि घेऊही नयेत. त्यातले काही मी पुढं केबलवर पाहिलेत. आमचे एक तात्या आहेत, ते याही पुढचे. त्यांच्या मते बोलपटात 'आलम आरा'ला तोड नाही. १९३१ चा, भारतातला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही आणि तात्यांचा जन्म स्वातंत्र्यानंतरचा. म्हणूनच तात्यांना आजवर कुणी हरवू शकलेलं नाही.

पण मी नुसता जुन्याचा वकील नाही, हे काकांना सांगणं भाग होतं. आमच्या लहानपणी मराठी सिनेमात मराठवाड्यातल्यासारखं कुणी बोललं की समजायचं, हा गडी आहे, नाहीतर याच्यावर हसायचंय. नायकाची भाषा पुण्याची, प्रेम पुण्याच्या भाषेत, मरणही पुण्याच्या भाषेत. २०१६ साली 'सैराट' आला आणि नायक-नायिका करमाळ्याकडच्या बोलीत प्रेम करायला लागले. लोकांनी शंभर कोटींच्या वर पैसा ओतला. मराठीत तोवर असं झालं नव्हतं. करमाळा आमचा नव्हे, सोलापूरचा, पण शेजार तर आहे! त्या दिवशी मला थेटरात पहिल्यांदा वाटलं की पडद्यावरची माणसं आपल्या घरी जेवायला आली तर 'अजून घ्या' म्हणायला लाजायचं कारण नाही. हे जुन्यात नव्हतं. म्हणजे नवं चांगलं? तेही सरसकट नाही. आता आवाज इतका की छातीत काहीतरी सुटल्यासारखं होतं, आणि तीन तासांच्या शेवटी 'पुढच्या भागात बघा'. आधी सिनेमा तरी संपायचा.

आणि बघायचा कुठं? आमच्या गावच्या टॉकीजचं आता मंगल कार्यालय झालंय. त्याच भिंतीवर हल्ली नवरा-नवरीचं लग्नाआधीचं शूटिंग मोठ्या पडद्यावर दाखवतात. नवरदेव ड्रोनकडं बघत मंद पळतो, मागं भाड्याचा घोडा. गावात सिनेमा म्हणून उरलाय तो एवढाच, आणि तोही जेवणाच्या पंगतीआधी सक्तीनं. खरा बघायचा तर नांदेड गाठा. त्यात मराठी असेल तर त्याला दुपारी बाराचा एकच खेळ, भर उन्हात. शुक्रवारी लागतो आणि आपण सुट्टी काढेपर्यंत उतरतो. मग हेच सिनेमावाले मुंबईत बसून म्हणणार, मराठी प्रेक्षक थेटरात येत नाही. येतो हो. येतो तेव्हा तुम्ही निघून गेलेले असता.

हे सगळं मी काकांना तावातावानं सांगितलं. ते ऐकत होते आणि फोडत होते.

"मग आताचे सिनेमे चांगले की वाईट, तुम्हीच सांगा," मी म्हणालो.

"म्या कसं सांगू?" काका म्हणाले. "आता लोकं मोबाईलात बघतच भाहेर येतेत. कोन रडलं, कोन हसलं, काई कळना गेलंय."

इथं तो टायवाला पोरगा आला. मॅनेजर असावा, छातीवर पट्टी होती. त्यानं खाली पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि फार नम्रपणे म्हणाला, "सर, हे उचलाल का प्लीज?"

स्टुलाभोवती टरफलांचा सडा पडला होता. शाळेत चौथीपासून ऐकलेलं वाक्य वापरायची संधी माणसाला आयुष्यात एकदाच मिळते. मी छाती काढून म्हणालो, "मी शेंगा खाल्ल्या नाहीत. मी टरफलं उचलणार नाही."

भाचा फिस्सकन हसला. पोरगा हसला नाही. "ठीक आहे सर, सीसीटीव्ही बघू," म्हणाला.

मी काकांकडं पाहिलं. ते सावधानमध्ये उभे होते. दोन्ही गाल फुगलेले. तोंडात शेंगदाणे असल्यामुळे त्यांना साक्ष देता येत नव्हती. कॅमेरा नेमका स्टुलाच्या डोक्यावर. या वयात त्यांना दुसरी नोकरी कोण देणार, आणि आख्खा गब्बर क्यारिअरवर वाहिलेल्या माणसाला मूठभर शेंगांपायी घरी पाठवायचं? टिळकांना अशा अडचणी नव्हत्या. मी वाकलो. रांगेतल्या एका बाईनं आपल्या मुलाला सांगितलं, "बघ, कचरा केला की असं होतं."

आत गेलो तेव्हा पडद्यावर कुणीतरी मेलेला होता. कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. भाचा सांगेना, कारण तो माझ्यामुळं सुरुवातीला मुकला होता. सिनेमाबद्दल माझं मत पक्कं झालं नाही. काही जागी बरा वाटला. मध्ये एकदा डोळे ओले झाले, पण ते एसीनंही होतं.

सुटल्यावर तळघरात आलो. तिथं ट्यूबलाइट एक आणि ती लुकलुकणारी. पांढऱ्या स्कूटी ओळीनं लावलेल्या. मी किल्ली लावली. फिरेना. काढली, पुसली, परत लावली. भाचा चार गाड्या सोडून आमच्याच स्कूटीजवळ उभा राहून मजा बघत होता.

शो सुटायच्या वेळी काकांची ड्यूटी पार्किंगच्या तोंडाशी असते. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली आणि रस्त्यावर गाड्या लावायला थांबलेल्या पुढच्या शोच्या लोकांना ओरडून सांगितलं,

"जा बिनधास्त! पिच्चर चांगला हाय!"

मी ओरडलो की अंधार आहे, गाड्या सारख्याच आहेत, सिनेमाचा काही संबंध नाही. तोवर ज्याची स्कूटी तो आला होता आणि त्याला वेगळंच काहीतरी विचारायचं होतं.