झाकली एक्सेल सव्वा लाखाची

आरोग्य अर्थशास्त्रात येताय? या. गणित बरं असेल तर चांगलं, वैद्यक थोडं कळत असेल तर त्याहून चांगलं, दोन्ही बेताचं असलं तरी कुणाचं अडत नाही. इथे टिकायला खरी हातोटी लागते ती ज्ञान वाटण्याची. वाटल्यासारखं दिसावं आणि आपल्याकडचं रतीभरही कमी होऊ नये.

सुरुवात थोरांच्या नावाने करा. अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो यांचा १९६३ चा निबंध न वाचताही पहिल्या स्लाइडवर घालता येतो. आजार कधी येईल ते ठाऊक नसतं, उपचार लागू पडेल का याची खात्री नसते, आणि डॉक्टरला जे कळतं ते रुग्णाला कळत नाही. म्हणून वैद्यकाचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, असं त्याचं सार. एका बाजूला माहिती आणि दुसऱ्या बाजूला अंधार असला की काय काय बिघडतं, यावर आपल्या मंडळींनी साठ वर्षं लिहिलंय. तुम्हीही पोटतिडकीने बोला. फक्त बोलून झाल्यावर लॅपटॉप बंद करा, नाहीतर कुणीतरी तुमचं मॉडेल, म्हणजे उपचाराचा खर्च आणि फायदा यांचा पुढच्या अनेक वर्षांचा हिशोब, बघेल.

कार्यशाळेत शिकवायला उभे राहिलात तर सहाव्या चाचणीची गोष्ट सांगायलाच हवी. आतड्याचा कर्करोग शोधण्यासाठी शौचातलं न दिसणारं रक्त तपासण्याची एक स्वस्त चाचणी आहे. ती लागोपाठ सहा वेळा करावी, अशी शिफारस होती. न्यूहाउझर आणि लेविकी यांनी १९७५ साली हिशोब मांडला: सहा चाचण्यांत सापडलेल्या एका रुग्णामागे सरासरी खर्च २,४५१ डॉलर. पण पहिल्या दोन-तीन चाचण्यांतच जवळजवळ सगळे सापडलेले असतात, सहावीच्या वाट्याला काही उरतच नाही. त्यामुळे निव्वळ सहाव्या चाचणीने सापडणाऱ्या एका जादा रुग्णाचा खर्च निघाला ४,७१,०७,२१४ डॉलर. इथे थांबा. वर्ग हमखास आ वासतो. सरासरी खर्च आणि सीमांत (म्हणजे पुढच्या एका पायरीचा) खर्च यांतला फरक याहून झटकन कशानेच कळत नाही. पुढचा भाग मात्र गाळा. आकडा कसा आला ते त्यांनी निबंधातच लिहून ठेवलं होतं, आणि १९९० साली दोघा अभ्यासकांनी त्याच धाग्याला धरून हे कोट्यवधी डॉलर कधी नव्हतेच असा प्रतिवाद छापला. उगाच लिहून ठेवलं की असं होतं.

आता प्रत्यक्ष काम. मॉडेल एक्सेलमध्येच बांधा. (दुसरी साधनं आहेत, पण त्यांतला कोड लोकांना सरळ वाचता येतो.) 'इनपुट्स' नावाच्या शीटवर खर्च, मृत्युदर, दुष्परिणाम अशा नीट ओळी लावा, प्रत्येकीपुढे संदर्भ. समीक्षकाने फाइल उघडलीच तर तो एवढंच पाहतो. मॉडेलचा जीव असतो भलत्याच एका शीटवरच्या एका सेलमध्ये: औषधाचा परिणाम किती वर्षं टिकतो. समजा औषधाची रुग्णांवरची चाचणी दोन वर्षांची आणि मॉडेल चाळीस वर्षांचं. उरलेली अडतीस वर्षं त्या सेलवर उभी. तिथे 'आयुष्यभर' भरा आणि संदर्भाच्या रकान्यात 'तज्ज्ञांचं मत' लिहा. तज्ज्ञ कोण, किती जण, त्यांना नेमकं काय विचारलं, एवढं लिहायला त्या रकान्यात जागाच नसते. मग ती शीट हाइड करा. डिलीट नको हं. प्रामाणिकपणा म्हणून काही असतो की नाही?

संवेदनशीलता विश्लेषण, म्हणजे आकडे हलवले तर उत्तर किती हलतं ते पाहणं, मात्र दणक्यात करा. हा एक सेल सोडून बाकी सगळे आकडे वीस-वीस टक्के वरखाली हलवा, वर हजार वेळा सिम्युलेशन चालवा. ठिपक्यांचा तो दाट ढग स्लाइडवर आला की अनिश्चितता किती गांभीर्याने घेतलीय, याबद्दल कुणाच्या मनात अनिश्चितता राहत नाही.

फायदा मोजायचा तो क्वालीत, म्हणजे पूर्ण निरोगी आयुष्याच्या एका वर्षाच्या मापाने. त्यासाठी रुग्णाला पाच गोष्टी विचारतात: चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, आणि चिंता-नैराश्य. जुन्या तीन पायऱ्यांच्या प्रश्नावलीत अशा २४३ अवस्था होतात, आणि त्यांचं मोल ठरवणाऱ्या ब्रिटिश तक्त्यात सर्वांत वाईट अवस्थेचं मोल उणे ०.५९४ आहे (मरणाचं शून्य), म्हणजे मरणाहून वाईट. देश बदलला की तक्ता बदलतो. तुमच्या औषधाला मानवेल तो देश घ्या. सवलतीच्या दराचंही, म्हणजे पुढच्या काळातला फायदा आजच्या मोलात दरवर्षी किती टक्क्यांनी कमी धरायचा त्याचंही, तसंच. साडेतीन टक्क्यांनी वीस वर्षांनंतरचं निरोगी वर्ष आज निम्म्यावर येतं, त्यामुळे लसवाल्यांनी कमी दराचा आग्रह धरावा, शस्त्रक्रियावाल्यांनी मोठ्या मनाने दुर्लक्ष करावं.

उंबरठा, म्हणजे एका क्वालीमागे किती खर्च चालेल ती मर्यादा, आधी बघा, पाऊल मग उचला. कोणते उपचार सरकारी खर्चाने द्यावेत ते सांगणाऱ्या इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने वर्षानुवर्षं एका क्वालीमागे २०,००० ते ३०,००० पौंडांचा पट्टा धरला. अमेरिकेत ५०,००० डॉलर हा गोल आकडा दशकानुदशकं चालला, महागाईची झळ त्याला लागली नाही. दरडोई उत्पन्नाच्या तिपटीपर्यंत चालेल, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या नावावर खपत आलंय. २०१६ साली तिथल्याच लोकांनी निव्वळ त्यावर निर्णय घेऊ नका असं लिहिलं, पण तोवर तिप्पट सगळ्यांना पाठ झाली होती. यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ब्रिटिश आरोग्यसेवा प्रत्यक्षात एक क्वाली साधारण १२,९३६ पौंडांत मिळवते असा अंदाज काढला. हा आकडा कुणी थेट विचारला तरच आठवा.

कुणी २००६ चा बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातला आढावा तोंडावर फेकेल. त्यात ४९४ अभ्यास पाहिले होते, आणि कंपनीच्या पैशाने झालेले अभ्यास उंबरठ्याच्या आत बसण्याची शक्यता जास्त निघाली. गडबडू नका. कंपन्या चांगल्याच औषधांचा अभ्यास करतात, असं शांतपणे सांगा आणि पाणी प्या.

परिषदेला गेलात की पोस्टरपाशी उभं राहायची पद्धत शिका. येणारा माणूस आधी तुमच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचतो, मग संस्थेचं नाव, आणि दोन्ही उपयोगाचं निघालं तरच त्याची नजर पोस्टरकडे जाते. तीही सरळ उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, निष्कर्षावर. "इंटरेस्टिंग," तो म्हणतो. तुम्ही पण "इंटरेस्टिंग" म्हणा, त्याचं पोस्टर कुठे आहे ते विचारा आणि तिकडे फिरकू नका. चुकून कुणी "परिणाम टिकण्याचा कालावधी कसा धरलात?" असं विचारलंच, तर तो माणूस एकतर शिकाऊ असतो नाहीतर प्रतिस्पर्धी. दोघांनाही एकच उत्तर: "त्यावर आमचं वेगळं काम चालू आहे."

मधुमेहाची मॉडेलं करणारे लोक मात्र साफ बिघडलेत. माउंट हूडच्या नावाने ते 'चॅलेंज' भरवतात: सगळ्यांना तेच रुग्ण, तेच आकडे, आणि प्रत्येकाच्या मॉडेलचं उत्तर इतरांच्या शेजारी मांडलेलं. २०१६ साली सेंट गालेनला तर त्यांनी छापून आलेले अभ्यास पुन्हा करून पाहायला घेतले. छापील माहितीवरून ते नीट जमेनात, तर कोणकोणते आकडे छापले पाहिजेत याची यादीच करून टाकली. अशा ठिकाणी जायची वेळ आली तर श्रोता म्हणून जा.

लेखन मात्र नियमात हवं. असे अभ्यास छापताना काय काय लिहावं ते सांगणारी २०२२ ची 'चीअर्स' तपासयादी २८ कलमांची आहे. मॉडेल लोकांना उपलब्ध आहे का आणि कुठे, ते कळवा, असं तिच्यात म्हटलंय. नीट वाचा: कळवा म्हटलंय, द्या कुठे म्हटलंय? "नाही" लिहिलं तरी कलम पूर्ण होतं. उदार दिसायचं असेल तर "वाजवी विनंती केल्यास उपलब्ध" लिहा.

कधीतरी कुणी वाजवी विनंती करतंच. पीएचडीची मुलं असतात, त्यांना वेळ असतो. पहिल्या मेलला उत्तर नको. दुसऱ्याला "सहलेखकांशी बोलून कळवतो". तिसऱ्याला "फाइलचे हक्क प्रायोजकाकडे आहेत". प्रायोजक त्यांना पुन्हा तुमच्याकडे धाडेल, त्यात एक सत्र सहज निघतं. तरीही चिकाटी सुटली नाही, तर मन मोठं करा आणि मॉडेल पाठवून द्या. पीडीएफ करून.