तीन ते साडेपाच

ग्रीसमध्ये एप्रिल ते सप्टेंबर दुपारी ३ ते ५.३० आवाज करायचा नाही, असा नियम आहे. म्हणजे साधासुधा शिष्टाचार नव्हे, पोलिसांना बोलावता येतं. हे ज्ञान मला नॅक्सोस बेटावर कुकरची तिसरी शिट्टी झाल्यावर मिळालं, आणि ते द्यायला जे आजोबा आले ते फुटक्या सायलेन्सरच्या स्कूटरवरून आले.

समुद्राकाठचं पांढरं घर आम्ही निव्वळ लोळायला घेतलं होतं. व्हिसाचे माणशी ९० युरो, अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराहून बोटीत पाच-साडेपाच तास, आणि वर रोजचा ८ युरो हवामान कर. तो भाड्यात धरलेला नसतो, दारात सामान हातात असतानाच मागतात. हवामान म्हणावं तर ऑगस्टातला मेलतेमी. हा उत्तरेकडचा वारा असा सुटतो की बाहेर जेवायला बसलं की सॅलडमध्ये वाळू. म्हणून हिने घरीच बटाट्याचा रस्सा करायचा ठरवला. हो, कुकर सोबत नेला होता. हसायचं काही कारण नाही.

आजोबांनी स्कूटर बंद केली नाही. चपलाही काढल्या नाहीत. तसेच ओट्यापाशी आले.

"बॉम्ब?"

"कुकर."

"गॅस लीक?"

"कुकर, आजोबा. पोटॅटो."

"यू फ्रॉम?"

"इंडिया."

"बॉम्बे!" आजोबा ओरडले. तरुणपणी मालवाहू जहाजावर होते म्हणे, १९७४ साली मुंबई बंदरात उतरले होते. "थ्री नाइट्स. नो स्लीप! ट्रक, पीपल, म्युझिक, नो स्लीप!" पन्नास वर्षं त्या माणसाने ते जागरण जपून ठेवलं होतं आणि आता सव्याज माझ्या पदरात घातलं. "यू पीपल, नो स्लीप इन आफ्टरनून!"

हे मला! मी पुण्याचा. आमच्याकडे दुपारी १ ते ४ दुकानाचं दार वाजवणाऱ्याकडे चोराकडे बघावं तसं बघतात. दुपारच्या झोपेवर मला प्रवचन? पण हे इंग्रजीत कसं सांगणार, आणि स्कूटरच्या आवाजात ऐकणार कोण.

तेवढ्यात हिने कुकर उघडला. आजोबांनी आत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"पतातेस नाक्सू?"

नॅक्सोसचे बटाटे ग्रीसभर नावाजलेले आहेत. ते ऑलिव्ह तेलात तळायचे, वर ग्रॅव्हिएरा चीज किसायचं, बस. आम्ही ते सालासकट शिट्ट्या देऊन शिजवले होते. शिट्टीचा गुन्हा एकदम बाजूला पडला. सुरी कशी धरायची, काप केवढे, तेल किती तापवायचं, सगळं आजोबांनी बोटीवरून बोटीवर हाक मारतात त्या आवाजात समजावलं. हिंग हुंगून शिंकले, तीही दणदणीत. शेवटी समोरची खिडकी उघडली. एका बाईंनी ओठांवर बोट ठेवून जोरात "श्श्श!" केलं. आजोबांना नाही. मला.

त्या बेटावर अपोलोचं एक देऊळ आहे. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात बांधायला घेतलं, ते अर्धवटच राहिलं. आज संगमरवरी दाराची चौकट तेवढी उभी आहे. जाणकार राजकीय उलथापालथीचं कारण देतात. मला विचाराल तर दुपारचे तीन वाजले असणार.

संध्याकाळी मालकीणबाईंचा फोनवर निरोप आला: 'वाफेचं यंत्र' तीनच्या आत वापरावं. मग काय, उरलेली सुट्टी घड्याळाकडे बघत गेली. समुद्रावरून अडीचला धावत यायचं, ओल्या अंगाने भात लावायचा, तीनला दोन मिनिटं असताना शिट्टी चमच्याने उचलून वाफ सोडायची. ऑफिसात असताना बरा जेवत होतो.

आणि रात्री? रात्री ११ ते सकाळी ७ सुद्धा शांतताच असते, कागदावर. आमच्या खिडकीच्या झडपेची कडी तुटलेली होती आणि मेलतेमी ती पहाटेपर्यंत भिंतीवर आपटत होता. तक्रार केली, तर बाई म्हणाल्या, "वारा आहे, त्याला काय करणार?" बरोबर आहे, वाऱ्याला कोण दटावणार. मग निदान हवामान कराची पावती तरी द्या, म्हटलं.

बाईंनी घड्याळ बघितलं. साडेपाचनंतर या म्हणाल्या.