केईएमच्या रांगेतला बाहेरचा

महापालिकेच्या रुग्णालयांत बाहेरगावच्या पेशंटकडून जास्त पैसे घ्यावेत, ही टूम मुंबईत अधूनमधून निघते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर तिला अंगठ्यांचा पाऊस पडतो. "टॅक्स आम्ही भरायचा आणि खाटा यांनी अडवायच्या?" असं विचारणाऱ्यांतले निम्मे लोक गणपतीला राजापूर, सावंतवाडीला पळतात, तो भाग वेगळा.

1921 च्या जनगणनेत मुंबईतल्या दर 100 माणसांपैकी 80 हून जास्त माणसं मुंबईबाहेर जन्मलेली होती. परळ-लालबागच्या गिरण्यांत तर कोकणातले नि घाटावरचे गडीच. बायकापोरं गावाला, हा इथे एका खोलीत दहाजणांत, जेवण खानावळीत. ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा, कायदा आला 1948 साली, म्हणजे त्याआधी आजारी पडलात की तुमचं तुम्ही बघा. खाडा झाला की पगार गेला. दुखणं लांबलं की साच्यावर तुमच्या जागी बदलीवाला उभा.

या वस्तीत 1926 साली पालिकेचं केईएम, म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय, सुरू झालं. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड 1910 साली वारला, त्याचं हे स्मारक. सोबतच्या मेडिकल कॉलेजला शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी पैसा दिला, पण अट घालून: शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत आणि तेही सरकारी नोकरीतले नकोत. कारण सरकारी जे.जे. रुग्णालय आणि त्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, बहुतेक गोऱ्या, अधिकाऱ्यांकडे. आपला डॉक्टर कितीही शिकला तरी हाताखालीच. पाटीवर गोऱ्या राजाचं नाव आणि शिकवायला एकही गोरा नको! या खवचटपणाला माझी मनापासून दाद आहे. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, लंडनचे एम.डी., पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. 1926 सालीच शेजारी वाडियांचं बाळंतपणाचं रुग्णालय आलं, 1929 साली लहान मुलांचं.

आता टॅक्सचं बघू. पालिकेच्या निवडणुकीत मत द्यायला तेव्हा मालमत्ता किंवा बऱ्यापैकी भाडं भरत असल्याचा आधार लागे. खोलीत पथारीपुरती जागा असलेल्या गिरणी कामगाराला ना थेट कर, ना मत. ग्रुपवरचा आजचा निकष लावला असता तर ज्यांच्या वस्तीत केईएम बांधलं तेच बाहेरचे ठरले असते. आमचे आजोबा तर नक्कीच.

पालिकेवर भार पडतो हे मला मान्य आहे. वॉर्डात दोन खाटांच्या मधे जमिनीवर गादी टाकलेली दिसते, निवासी डॉक्टर उभ्या उभ्या वडापाव खातात. पण रात्रभर एसटीत बसून परळला कोणी हौसेने येत नाही. फुटपाथवर प्लास्टिक अंथरून, एक्सरेचं पाकीट उशाला घेऊन झोपलेल्या माणसाला विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी मशीन बंद असतं किंवा डॉक्टरची जागा रिकामी असते, म्हणून तो इथे आलेला असतो. ती जागा भरायचं काम पालिकेचं नाही, सरकारचं आहे. मग वसुली खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्याच्याकडून कशाला? केसपेपरवर पत्ता असतोच. जिल्हावार बेरीज करा आणि बिल मंत्रालयात पाठवा. परळहून ते काही फार लांब नाही.